बायको कपडे शिवून देईल

आयर्लंडमधल्या आमच्या खेड्यात माझं किराणा दुकान आहे. दारातला जाहिरातींचा फळा इंग्रज जमीनदाराच्या काळातला. त्यावर कोंबडीपासून ट्रॅक्टरपर्यंत सगळं विकलं जातं. एक म्हातारा शेतकरी दर सोमवारी तिथे नवी चिठ्ठी लावतो, 'बायको कपडे शिवून देईल.' माणूस दाराएवढा. खोकला तर पार टॅला गावापर्यंतच्या गाई दचकतात. त्याच्या बायकोला पुरून वर्ष झालं, खड्ड्यात मूठभर माती मीही टाकली होती. गावात कुणी कपडे देईना, म्हणून मी फाटकी पॅन्ट दिली.

पुढच्या सोमवारी ती परत आली, पोती शिवायच्या सुतळीनं शिवलेली. त्याच्या चारही बोटांना पट्ट्या.

"पसंत आहे का, विचारतेय ती."

"एकदम ग्रँड, म्हणावं तिला."

घरी जाऊन मी चांगली पॅन्ट टरकावली.