पूर्ण अधिकाराचे सात मानकरी

पर्यटकांना समुद्रात फिरवून आणणाऱ्या होड्यांची आमच्या मालवणात एक संस्था आहे. कोणती होडी कधी सुटणार, त्याचा नंबर लावणं हे तिचं मुख्य काम. पूर्वी तो पाटीवर खडूने लिहीत. मी कणकवलीच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो, म्हणून गावात विद्वान समजला जातो. नंबरांचं अ‍ॅप करायचं काम आपसूक माझ्या गळ्यात पडलं.

आराखडा मी शहाण्यासारखा केला होता. सगळी माहिती अ‍ॅपमागच्या नोंदवहीत, म्हणजे डेटाबेसमध्ये, आणि तिथेच प्रत्येकाचं वेगळं खातं. होडीवाल्यांनी यादी फक्त बघायची, कारकुनाने नवी नोंद घालायची, लागलेला नंबर बदलायचा हक्क एकट्या सेक्रेटरीला. अ‍ॅपमध्ये कुणी काहीही दाबलं तरी हक्क नसेल तर डेटाबेस दारातच अडवणार. हे मी कमिटीच्या सात जणांना तासभर समजावलं. त्यांना एवढंच कळलं, की आपल्याला काहीतरी मिळत नाहीये.

“सेक्रेटरीक हक्क, आणि आमी काय नुसता बघीत ऱवाचा?” उपाध्यक्ष कडाडले.

देवळात पहिला नारळ कुणाचा, यावरून वर्षानुवर्षं बोलणं टाकणारी ही माणसं. त्यांच्या लेखी हक्क म्हणजे काम नव्हे, मान. त्यांतल्या तिघांना कॉम्प्युटर सुरू कुठून होतो तेही ठाऊक नव्हतं, पण पूर्ण अधिकार सातही जणांना हवा होता. न मिळाल्यास राजीनामे तयार होते.

मी भांडायला हवं होतं. त्याऐवजी भजी खाल्ली आणि मान डोलावली. सातही नावांपुढे पडद्यावर ठळक अक्षरांत ‘पूर्ण अधिकार’ लिहिलं. मागे सात खाती करायचा कंटाळा केला आणि सगळ्यांना एकाच खात्यातून डेटाबेसमध्ये सोडलं. ते खातं माझं होतं, माझ्या नावाचं. सगळे खूश झाले. मला शाल मिळाली, तीही मी निर्लज्जासारखी घेतली.

नवरा गेल्यावर त्याची होडी खलाशी ठेवून चालवणारी एक बाई संस्थेत होती. त्या होडीवरच तिचं घर चालायचं. ऐन हंगामात तिचा सकाळचा नंबर दुपारवर घसरू लागला. दुपारी वारा चढतो आणि गिऱ्हाईक जेवायला पांगतं. तिच्या जागी बहुतेक वेळा उपाध्यक्षांची होडी सुटायची. खलाशी कंटाळून दुसऱ्या होडीवर जायच्या गोष्टी करू लागला, तेव्हा तिने थेट कमिटीपुढे येऊन विचारलं, “माझो नंबर कोण बदलता?”

“आत्ता दाखवतो,” मी ऐटीत म्हणालो. प्रत्येक बदल कोणत्या खात्यातून झाला, याची नोंद डेटाबेस ठेवतो. चोर सापडणार म्हणून मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. मी ती यादी सगळ्यांसमोर भिंतीवर मोठी करून लावली.

वरपासून खालपर्यंत माझंच नाव होतं.

“मास्तरांचाच नाव आसा मगो,” उपाध्यक्ष सावकाश म्हणाले. बाकीचे सहा जण छताकडे बघत होते. एकाच खात्यातून सगळे आत जातात हे मला तेव्हा कुठे आठवलं, आणि तेच मी घाईघाईने सांगू लागलो. तो निर्लज्ज उपाध्यक्ष सहानुभूतीने मान हलवत राहिला. मला त्याची किळस आली, आणि त्याहून जास्त माझी.

बाईला माझं तांत्रिक पुराण कळलं नाही. तिला भिंतीवरचं नाव वाचता येत होतं.

“मास्तर,” ती म्हणाली, “माझ्या होडयेन तुमचा काय घोडा मारल्यान?”

त्याच संध्याकाळी मी सात खाती केली आणि सेक्रेटरी सोडून बाकी सहा जणांचा हक्क काढून घेतला. दहा मिनिटांचं काम होतं. उपाध्यक्षांनी फोन करून आरडाओरडा केला, मी ऐकून घेतला. सकाळी तिचा नंबर पहिला लावला आणि सांगायला धक्क्यावर गेलो. तिचा खलाशी शेजारच्या होडीवर चढला होता. ती मला बघून उठली आणि पाठ फिरवून चालू लागली.