पेर्दोनार आणि पहार

दिरानं पहार घातली तेव्हा आमचे हे विहिरीवरच्या मोटारीची पेटी उघडत होते. पाण्याची पाळी आमची होती, वाद एवढाच. पहार पडताना मी बांधावरून पाहिली, डोकं फुटल्याचा आवाजही ऐकला. मग त्यानं कोयता उचलला आणि आमची घड लागलेली केळी कापायला लागला. एकेक झाड आडवं होत होतं आणि मी यांचं डोकं मांडीवर घेऊन तिथेच बसले होते. धुळ्याच्या दवाखान्यातून परतल्यावर मी लुगडं धुतलं. रक्त निघालं. केळीचा चीक निघाला नाही, तो कधी निघतही नाही.

हे वाचले, पण उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. समजत मात्र सगळं होतं.

त्यानंतर वर्षभरात मुलानं स्पेनमध्ये तिकडच्याच मुलीशी लग्न केलं. सुनेशी बोलायचं तर तिची भाषा यायला हवी, म्हणून मी मोबाइलवर शिकवणी लावली. मास्तरीण सूनच. रोज संध्याकाळी यांच्या खाटेजवळ फोन टेकवून मी बसायची, मुलगा मध्ये बसून अर्थ सांगायचा.

पोरीनं सुरुवात कशानं करावी? माफीनं! म्हणे, दिवसभर लागणारे शब्द आहेत. कुणाच्या पायावर पाय पडला, कुणाला उशीर झाला, तर दिस्कुल्पार. मनाला लागलेलं सोडून द्यायचं, तर पेर्दोनार. मी म्हटलं, आमच्याकडे पाय पडला तर आधी ‘डोळे फुटले का?’ विचारतात. मुलानं ते तिला सांगितलं नसावं, कारण ती हसली नाही.

दिस्कुल्पार मला दोन दिवसांत आलं. पेर्दोनार म्हणायला बसले की दात आवळले जायचे. ‘ते पेर्दोनो’, मी तुला माफ केलं. ती पुन्हा पुन्हा म्हणून घ्यायची आणि माझ्या डोळ्यांपुढे दिराचं टाळकं यायचं. हातात पहार माझ्या. खोटं कशाला सांगू, त्याला मनातल्या मनात मी रोज मारला आहे. हे खाटेवरून माझ्याकडे बघत राहायचे.

कोर्टातली माझी साक्ष जवळ आली तसा जामिनावर असलेला दीर गावच्या आबांना घेऊन घरी आला. घटना पाहिलेली आणि बोलू शकणारी मी एकटी. मी साक्ष फिरवली की तो सुटणार होता. बरोबर भाऊबंद होते, पेढ्यांचा पुडाही होता. ते येणार हे कळलं होतं, म्हणून मी मुद्दाम चिकाच्या डागांचं तेच लुगडं नेसले होते. कुणाचं लक्ष गेलं नाही.

दीर खाली मान घालून म्हणाला, “वहिनी, मनाकडथून चूक व्हयनी. माफ करी द्या.”

केळी कापताना त्याची मान ताठ होती, ती मला आठवली.

आबा म्हणाले, “बठ्ठं इसरी जाय, माय. भाऊच शे तो. एकदाव माफ कयं म्हणी दे.”

सगळं विसरून ‘माफ केलं’ म्हणते का, म्हणून सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. नाही म्हटलं असतं तर ही मंडळी रात्रंदिवस दारात बसली असती, आणि खाटेवरच्या माणसाला ती कटकट सोसली नसती. मी दिरासमोर उभी राहिले, हात जोडले आणि गोड आवाजात म्हणाले, “नो ते पेर्दोनो.”

“म्हंजे काय?” आबांनी विचारलं.

“सुनेच्या भाषेत माफी असते ती,” मी म्हटलं.

आबांनी “शाब्बास” म्हटलं. पेढे वाटले गेले. दीर माझ्या पाया पडला. तेवढ्यात खाटेवरून घरघर ऐकू आली. मी धावले. मला वाटलं यांना ठसका लागला. हे हसत होते! डोळ्यांतून पाणी, अर्धं तोंड वाकडं, आणि डाव्या हातानं गच्च धरलेला माझा पदर. मी शिकत होते तेव्हा हेही शिकत होते. त्या खोलीत मला काय म्हणायचं होतं ते एकट्या यांना कळलं होतं. पहारीनंतर यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

“पाहा, भाऊले बी आनंद झाया,” आबा म्हणाले.

तारखेला मी तेच लुगडं नेसून धुळ्याच्या कोर्टात गेले. दीर ओळखीचं हसला. वकिलानं विचारलं, पहार कुणी घातली? मी दिराकडे बोट केलं आणि मराठीत सांगितलं.