खुलताबादवाल्यांची चाल

आख्ख्या संभाजीनगरात खेळण्याकडं आमच्या धाकट्या भाऊजींइतकं गंभीरपणानं बघणारा माणूस दुसरा सापडायचा नाही. माझ्या यजमानांचे हे भाऊ चितेगावच्या कारखान्यातून रिटायर झाले, टक्कल पडलं, पण हातातला व्हिडिओ गेम काही सुटला नाही. गल्लीतली पोरं 'नव्या पिढीचा' गेम घेऊन आली की हे चष्मा पुसून तो असा उलटासुलटा करून बघणार, जसं काही घरात स्थळ सांगून आलंय. "पडदा मोठा झाला, रंग झकपक झाले. मग? हा नवा सदरा झाला, नवी पिढी नाय," म्हणून परत देणार. मी एकदा विचारलं, अहो, मग नवी पिढी म्हणायची तरी कशाला? तर म्हणाले, "वहिनी, जुन्याला जमलं नाय ते करून दाखवावं, अन् जुनी कॅसेट घातली तर तिला ओळख द्यावी. बापाला न ओळखणारं पोरगं लई हुशार असलं तरी काय करायचं?"

त्यांच्या जुन्या गेममध्ये बुद्धिबळाची कॅसेट. कंपनीच्या बसमध्ये शेजारी खुलताबादचे एक दोस्त बसायचे. यंत्र एकच, ह्यांनी चाल करून तिकडं फिरवायचं, त्यांनी विचार करून परत इकडं. एक डाव चार-चार दिवस चाले. भाऊजींनी घाई केली की ते म्हणायचे, "मेरी बारी है, भाऊ. हाथ नक्को लगाव." असाच एक डाव अर्धा ठेवून ते बसमधून उतरले, अन् घरीच छातीत कळ येऊन गेले. चाल त्यांची, काळ्या मोहऱ्यांची होती. भाऊजी मधूनमधून तो डाव उघडून बघायचे; बटण मात्र कधी दाबलं नाही.

खंडेनवमीला लोक पाना-पक्कड पुजतात, भाऊजी पाटावर गेम मांडतात. गेल्या खेपेला भक्ती जरा जास्त झाली. ओलं कुंकू ओघळून फटीत शिरलं अन् यंत्र मेलं. दुरुस्तीवाला म्हणाला, "काका, आता ह्याला नुसता हार घाला." ठेवलेला डाव कॅसेटीतच साठतो म्हणे, पण कॅसेटीलाही ओल लागली असली तर? ह्या विचारानं भाऊजी दोन दिवस धड जेवले नाहीत.

शेवटी माझ्या लेकानं त्याच कंपनीचं पुढचं यंत्र कुठून तरी जुनं मिळवलं, अन् देऊन कामावर गेला. मी आम्हा दोघांपुरता चहा आणून ठेवला. भाऊजींनी कॅसेट सदऱ्याच्या टोकानं पुसली, परत पुसली.

"वहिनी, तुम्ही घाला."

मी घातली. पडदा बराच वेळ पांढराच राहिला. मग एकेक करत मोहरे उभे राहिले, सगळे त्या दिवशी सोडलेल्या घरातच, अन् वर अक्षरं आली : काळ्याची चाल.

मला वाटलं, आता हे पिढीवर भाषण देतील. पण त्यांनी यंत्र हळूच समोरच्या रिकाम्या खुर्चीकडं फिरवून ठेवलं अन् हात मांडीवर घेऊन वाट बघत बसले.

मी तिसरा कप आणायला आत गेले.