धडधाकट माणसाचा आजार

माझा थोरला भाऊ कृष्णात पलटणीत नाईक होता. आमचं गाव पलूसजवळ. घरटी ऊस, आणि घरटी एक तरी माणूस मिल्ट्रीत. दादा सुट्टीवर आला असला आणि कुणाची गाडी चिखलात रुतली, की लोक बैल सोडायचे आणि दादाला हाक मारायचे.

१९६५ च्या उन्हाळ्यात पलटणीत सगळ्यांची तपासणी झाली. डॉक्टरांनी दादाच्या दंडाला पट्टा गुंडाळला, तर पारा भलताच वर जाऊन थांबला. चार दिवस सकाळ-संध्याकाळ मोजलं, मग इस्पितळात ठेवलं. शेवटी मेडिकल बोर्डानं नोकरीला नालायक ठरवून त्याला घरी पाठवला. वय चौतीस.

"काय झालंय तुला?" आईनं विचारलं.

"रक्ताचा दाब वाढलाय म्हनं."

"दुखतंय कुठं?"

"कुठंबी न्हाई."

"मग घरी का धाडलं?"

 दादाला तरी कुठं ठाऊक होतं?

मी तेव्हा सांगलीत प्राथमिक शाळेवर मास्तर होतो. विश्रामबागेतल्या एका डॉक्टरांकडे त्याला घेऊन गेलो. त्यांनी आधी वडिलांची चौकशी केली.

"उसाला पानी पाजताना वारं गेलं त्यांच्या अंगावरनं," दादा म्हणाला. "सेहेचाळीस वर्सांचं हुतं. थोरलं चुलतंबी तसंच गेलं."

गावात आम्ही त्याला भाऊबंदांची करणी म्हणत होतो. डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"करणी नाही. बहुतेक हाच दाब असणार," ते म्हणाले. "पाटाला पाणी फार जोरात सोडलं तर काय होतं? बांध कुठंतरी फुटतो. मेंदूतली रक्ताची नळी तशीच फुटते, नाहीतर तुंबते. तोवर माणसाला काही कळत नाही. दुखत नाही, हीच याची वाईट खोड. ज्यांच्या आईबापांना हा असतो त्यांनी जास्त जपायचं. मीठ, तंबाखू, वाढतं अंग, सगळ्यानं तो चढतो. गोळी रोज घ्यायची. बरं वाटलं तरी घ्यायची."

मग त्यांनी माझाही दाब मोजला. माझा ठीक निघाला. घरातल्या सगळ्यांना घेऊन या, असं त्यांनी बजावलं. मी हो म्हणालो, आणि नेलं कुणालाच नाही.

राहीवहिनी दादाची आमटी मीठ घालण्याआधी बाजूला काढायची. खर्डा बंद, तंबाखू बंद. गोळीनं त्याला सुस्ती यायची, नाक चोंदायचं, मन उदास व्हायचं. तरी महिनाभर त्यानं सगळं सोसलं.

सप्टेंबरात लढाई लागली. दादाच्याच पलटणीतला गुंडा, आमच्या गावातल्या तात्याबांचा एकुलता एक मुलगा, तिकडं पडला. तार आली तेव्हा सगळ्यांच्या आधी दादा त्यांच्या दारात गेला. तात्याबा भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी मान वर केली.

"तुझं रगात चढलं म्हनून तू हितं," ते म्हणाले. "माझ्या पोराचं सांडलं."

दारात पंधरा-वीस माणसं उभी होती. दादा परत फिरला आणि गोठ्यात जाऊन बसला. त्या दिवशी तो जेवला नाही.

गोळ्या त्यानं कधी बंद केल्या ते कळलं नाही. वहिनीला पुढं कधीतरी त्या गोठ्याच्या वळचणीला पुडक्यासकट सापडल्या. तो ताटात वरून मीठ घ्यायला लागला. गावात कुठं विहिरीचं काम निघालं की न बोलावता जायचा आणि सगळ्यांत मोठा दगड उचलायचा. सकाळी उठताना त्याचं डोकं मागून ठणकायचं. वहिनी म्हणायची, "आवं, एकदा सांगलीला जाऊन येऊ."

"आजारी मानूस आसा दगुड उचलतो व्हय?" तो म्हणायचा.

एका रविवारी मी त्याच्याशी भांडलो. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. "मास्तर, तू पाऱ्याकडं बघतोस. मला लोकांची त्वांडं दिसत्यात," एवढंच म्हणाला. मी चिडून परत आलो आणि दोन महिने गावी गेलो नाही.

१९६७ च्या मार्गशीर्षात ऊसतोड चालू होती. अकराच्या सुमाराला दादा गाडीवर मोळी चढवत होता. उजव्या हातातून मोळी सुटली. त्यानं नवल वाटल्यासारखं हाताकडे पाहिलं आणि तो सरीत खाली बसला. वहिनी धावत आली. तिला काहीतरी सांगायला त्यानं तोंड उघडलं, पण नुसता घोगरा आवाज आला. मी सांगलीच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा त्याचं तोंड वाकडं झालं होतं. डोळे मात्र सगळं ओळखत होते.

तो चार महिने अंथरुणावर होता. एक शब्द बोलला नाही.

एके दिवशी तात्याबा आले. उशाशी बसून बराच वेळ काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवत राहिले. "त्या दिवशी माज्या जिभंला हाड राह्यलं न्हाई, गड्या," ते म्हणाले. दादानं डावा हात उचलून त्यांच्या गुडघ्यावर ठेवला. त्याला काय म्हणायचं होतं? माफ केलं, की तुमचंच खरं होतं? मला आजही कळलेलं नाही. तात्याबा रडत बाहेर गेले. चैत्रात दादा गेला.

तेराव्यानंतर मी थोरल्या बहिणीला, पारूआक्काला, एसटीनं सांगलीला नेलं. तिचा दाब दोनशेच्या आसपास निघाला. तीन लेकरांची आई, दिवसभर रानात राबणारी, आणि तिला काहीही होत नव्हतं. तिनं गोळी कधी चुकवली नाही. पण ती माहेरी आली आणि गोळीसाठी पाण्याचा तांब्या हातात घेतला, की आई उठून परसात निघून जायची.