फाटकाचं कुलूप

आमच्या धाकट्या भावजींनी जन्मात कुलूप लावलं नाही अशी एकच वस्तू, त्यांचं तोंड. बाकी सायकल, फ्रीज, साखरेचा डबा, सगळं बंदोबस्तात. वाळूजच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळून रिटायर झाले आणि आता घराचं स्टोअर करून बसलेत. नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नाही, तेव्हा टाकीला कुलूप मी एकवेळ समजू शकते. पण तुळशीच्या कुंडीला साखळी कशाला, सांगा बरं? म्हणतात, "कुंडी लई भारीतली हाय, वहिनी." किल्ल्यांचा जुडगा एवढा, की ते गल्लीत वळले की पोळ्याचा बैल आला असं वाटतं.

लासूर स्टेशनला एका लग्नात तर कहर केला. करवल्या नवरदेवाचे जोडे पळवतील म्हणून यांनी दोन्ही जोडे सायकलच्या साखळीनं मांडवाच्या खांबाला बांधले. आणि किल्ली? ती राहिली इथं घरी! नवरदेव बिचारा अनवाणी गाडीत बसला. हे वर म्हणतात कसे, "पण चोरी झाली का? नाय ना!"

असा माणूस कम्प्युटरच्या नादी लागला. माझी जाऊ, म्हणजे यांची बायको, आजारी असताना यांनी तिच्या रेसिपी तिच्याच आवाजात मोबाइलवर भरून घेतल्या. येसर, शेंगोळे, धपाटे. ती गेली, पुढं मोबाइलही बिघडला. आवाज उरला तो फक्त दिवाणाखालच्या जुन्या कम्प्युटरात. त्याला हे 'सर्वर' म्हणतात, आणि तो दिवाणाच्या पायाला साखळीनं बांधलाय, हे वेगळं सांगायला नको. व्हिडिओ बघून बघून यांनी त्याची वेबसाइट केली. यांची लेक, म्हणजे माझी पुतणी, जर्मनीला असते. सणावाराला ती पान उघडून आईचा आवाज लावते आणि पळी हलवते.

बरं चाललेलं असताना भावजींना अवदसा आठवली. सर्वरचं सॉफ्टवेअर काढून नव्यानं टाकलं, आणि पान उघडायला गेलं की एकच उत्तर: परवानगी नाही. दुपारी पुतणीचा फोन. "बाबा, संध्याकाळी माणसं जेवायला येणारेत. आईचं पान उघडत नाही. तुम्ही पुसलं तर नाही ना?"

भावजींचा चेहरा असा उतरला, की मला टोमणा मारवेना. मारला, पण जरा उशिरानं. ते म्हणाले, "वहिनी, माझ्याच घरात ते मला परवानगी नाय म्हणतंय!" मी म्हटलं, "मग? आम्ही तुमच्या फ्रीजपुढं उभ्या राहतो, तेव्हा आम्हाला काय वाटत असेल?"

आवाज जागेवरच होता. त्यांनी मला समजावलं ते असं, की सर्वरमध्ये म्हणे पानं आणून देणारा एक नोकर असतो. सॉफ्टवेअर नवं, म्हणून नोकरही नवा, त्याची ओळख नाही. भावजींनी त्याला प्रत्येक रेसिपीची परवानगी दिली. नाही. रेसिपीच्या फोल्डरची दिली. नाही. सर्वर बंद करून चालू केला, उदबत्तीही लावली. तरी नाहीच.

म्हटलं, पोटात तरी घाला काही. मी घरी जाऊन धपाटे घेऊन आले. हाक मारली, तर आतून ओरडले, "या की वहिनी, दार उघडंच हाय!"

"दार उघडंय हो, पण फाटकाला कुलूप! उडून येऊ का?"

आत खुर्ची सरकल्याचा आवाज. मग आनंदानं ओरडले, "फाटक! अहो, फाटकच की!" आणि मला उन्हात तशीच ठेवून कम्प्युटरकडं पळाले.

झालं होतं असं. रेसिपीचं फोल्डर उघडं होतं, पण ते ठेवलेलं यांच्या स्वतःच्या मोठ्या फोल्डरमध्ये, आणि त्याला बाहेरून यांचंच कुलूप. नोकर बिचारा माझ्यासारखा फाटकाशीच उभा! भावजींनी त्याला तेवढ्यातून जायची मुभा दिली. फक्त जायची, आत काय काय आहे ते बघायची नाही. स्वभाव कुठं जातो?

मग मला आत घेतलं आणि फाटकाला परत कुलूप घातलं. फोनवर पुतणी, आणि दिवाणाखालून माझी जाऊ बोलायला लागली. "येसर आधी गार पाण्यात कालवायचं. गुठळी होऊ द्यायची नाय." मधेच चमचा आपटल्याचा आवाज, आणि मग, "अहो, फाटकाचं कुलूप काढा की! अक्का बाहेर उभ्या असतील."

अक्का म्हणजे मी.

भावजी उठले, जुडगा घेतला. मी समोरच बसलेली, तरी फाटकापर्यंत जाऊन, कुलूप काढून आले.  कुणाला सांगितलं तर खरं वाटायचं नाही.