हवापालट

सकाळी चहाचं आधण ठेवण्याआधी खातेकाका मागच्या खिडकीच्या गजाला एक जुना रुमाल बांधत. एकच टोक बांधायचं, बाकीचा मोकळा सोडायचा. मग हात पाठीशी धरून ते त्याच्याकडे बघत उभे राहत. रुमाल घरात झुकला तर मागची खिडकी लोटून त्याच खोलीतली बाजूची उघडायची, बाहेर झुकला तर उलट. तो नुसता लोंबत राहिला तर दोन्ही उघड्या. हे ठरलं की मग चहा.

शेजारचा शिंपी त्यांना 'हवामान खातं' म्हणायला लागला, पोरांनी त्याचं 'खातेकाका' केलं आणि ते चिकटलं. काकू अंथरुणात उशीला टेकून म्हणायच्या, "यांचं सगळं लक्ष वाऱ्यावर. बायकोलाही तिथेच सोडलंय."

"अगं, तुझ्यासाठीच तर चाललंय."

"माहीत आहे. म्हणून तर टोमणा मारते. परक्या माणसाला कोण मारतं?"

हवेसाठीच ते इथे आले होते. शहरात काका बसच्या डेपोत मेकॅनिक आणि काकू गाद्यांच्या कारखान्यात कापूस पिंजायला. वर्षानुवर्षांची ती बारीक धूळ काकूंच्या छातीत जाऊन बसली. डॉक्टर म्हणाले, औषधं मी देतो, हवा तुम्ही बघा. काकांनी ते मनावर घेतलं. मुदतीआधीच नोकरी सोडली आणि ते हवा बघायला निघाले.

शहराची शेवटची बस जिथे वळून परत फिरते, त्याच्याही पलीकडे, टेकडी आणि तळं यांच्या मधोमध बैठ्या घरांची एक रांग होती. टोकाचं घर मालकीणबाईंचं. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, अर्ध्या घरात स्वतः राहायच्या आणि उरलेल्या दोन खोल्या भाड्याने द्यायच्या. खोल्या दाखवताना त्या नळाला पाणी कधी येतं ते सांगत होत्या. काका मध्येच म्हणाले, "ते असू द्या बाई. वारा कुठून येतो?"

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "टेकडीकडून येतो, तळ्याकडूनही येतो. त्याचं वेगळं भाडं नाही."

काका तळ्याच्या धक्क्यावर कामाला लागले. पायडल मारत चालवायच्या होड्या होत्या. त्यांच्या साखळ्या उतरत, तळाला चिरा पडत. काका साखळ्या ग्रीसमध्ये बुडवून बसवायचे, चिरांवर फायबरचे तुकडे चिकटवायचे. त्या चिकटवायच्या द्रवाला उग्र वास. म्हणून ते आधी बाहेरच्या नळावर हातपाय धुवायचे, दोरीवरचा दुसरा सदरा घालायचे आणि मगच उंबरा ओलांडायचे. थंडीतही.

हवेने आपलं काम केलं. पहिल्या वर्षी काकू नळापर्यंत चालत आल्या. पुढे तर तळ्यापर्यंत यायला लागल्या. काठावर पालथ्या घातलेल्या होडीवर बसून त्या काकांच्या कामात चुका काढायच्या.

मग तळ्याचं नाव झालं. कुणी फोटो टाकले, कुणी टेकडीवर चढायची वाट आखली. शनिवार-रविवारी त्या एकुलत्या अरुंद रस्त्यावर गाड्यांच्या रांगा लागायला लागल्या. रांगेतल्या घरोघरी लोकांनी पाहुण्यांसाठी खोल्या मोकळ्या केल्या, शिंप्याकडे ब्लाउजांपेक्षा फाटके तंबू जास्त यायला लागले. धक्क्यावर होड्या वाढल्या, काकांचा पगारही वाढला. त्यांना तक्रार करायला तोंड नव्हतं.

मालकीणबाईंच्या जावयाने घरामागच्या मोकळ्या जागेत तंबू ठोकले. सगळी रांग त्याला जावईबापू म्हणायची, निम्मं कौतुकाने आणि निम्मं चिडवायला. तंबू आले तशी शेकोटी आली. नळ आणि लाकडांचा ढीग भिंतीपाशी होता, म्हणून शेकोटीही तिथेच. पहिल्याच शनिवारी धूर मागच्या खिडकीतून आत आला आणि काकू रविवार संध्याकाळपर्यंत आडव्या होऊ शकल्या नाहीत. बसूनच श्वास ओढत राहिल्या.

सोमवारी काका जावईबापूकडे गेले. "शेकोटी तेवढी तळ्याच्या बाजूला न्या."

"काका, तिथे वारा असला की पेटतच नाही. आणि पाहुण्यांना शेकोटी लागतेच. नाहीतर ते घरीच नाही का बसणार?"

"रोज नको. वारा आमच्याकडे असेल तेव्हाच."

"ते मला कसं कळणार? मी काय हवामान खातं आहे?"

काका हसले. त्यांनी खिशातून डेपोतलं लाल फडकं काढलं. "हे मागच्या गजाला दिसलं तर शेकोटी तिकडे. नाही दिसलं तर खुशाल भिंतीशी पेटवा."

जावईबापू तसा सरळ माणूस. त्याने शब्द दिला आणि पाळला. काका दुपारी जेवायला आले की पुन्हा वारा बघत आणि फडकं लावत किंवा काढत. ते नसले तर काकू उठून लावत. असे तीन हंगाम निघाले. काकू थकत गेल्या, खिडकीपर्यंतची चार पावलंही त्यांना पुरे व्हायला लागली, पण फडक्याने दगा दिला नाही.

त्या शनिवारी सकाळी रुमाल बाहेरच्या बाजूला झुकला होता. टेकडीचा वारा. मागची खिडकी खरं तर उघडी ठेवायची, पण काकूंना गार लागतंय म्हणून काकांनी ती नुसती लोटली, फडकं लावलं नाही आणि ते कामावर गेले. जोडून सुट्ट्या होत्या, धक्क्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. जेवायच्या वेळेला निघणार, तोच तळ्याच्या मध्यावर एका होडीची साखळी तुटली. आत आईबाप आणि दोन लहान मुली. दुसऱ्या होडीतून दोर घेऊन जायला काकाच हवे होते.

तळ्याच्या मध्यावर त्यांना कळलं. पाण्यावरच्या सुरकुत्या उलट्या फिरल्या होत्या. वारा आता घराकडे निघाला होता. एवढी होडी काठाला लावली की जातो, असं ते मनाशी म्हणाले. होडी काठाला लागली तर मुकादम म्हणाला, साखळी आत्ताच बसवून द्या, लोक ताटकळलेत. काकांनी साखळी बसवली, तोवर ऊन कललं होतं. मग ते पळत सुटले.

भिंतीशी शेकोटी पेटलेली होती, भोवती माणसं हसत बसली होती. काकू मागच्या खिडकीखाली जमिनीवर होत्या आणि मुठीत लाल फडकं होतं. खिडकी सताड उघडी. फडकं गजाला बांधायचं तर आधी खिडकी उघडावी लागते, याचा विचार दोघांनीही कधी केला नव्हता.

जावईबापूने गाडी काढली. मालकीणबाई मागे बसल्या, काकूंचं डोकं काकांच्या मांडीवर. पण रस्ता गाड्यांनी भरलेला होता. जावईबापू उतरून पुढे धावला, एकेकाला विनवत राहिला. काहींनी गाड्या मातीत उतरवल्या, काहींना उतरवायला जागाच नव्हती. शेजारच्या गाडीत गाणं लागलं होतं. आतल्या बाईने एकदा इकडे बघितलं आणि ते बंद केलं. काकूंचा श्वास त्या सगळ्या गर्दीच्या मध्ये, गाडी बंद असतानाच थांबला. काकांच्या अंगावर कामाचाच सदरा होता. त्या दिवशी ते नळावर थांबले नव्हते.

तेरावा उलटल्यावर जावईबापू येऊन दारात उभा राहिला. "काका, फडकं नव्हतं. मी बघितलं होतं. पुन्हा जाऊनही बघितलं."

"बरोबर आहे," काका म्हणाले. "नव्हतंच."

पुढे दोघांत त्यावर बोलणं झालं नाही. मालकीणबाईंनी त्यांना जा म्हटलं नाही. पुढची खोली पाहुण्यांसाठी घेतली आणि मागची, दोन खिडक्यांची, काकांकडे राहू दिली. काकांनी धक्क्यावरचं काम सोडलं. तळ्याच्या मध्यावर होडी गेली की ते हातातलं काम टाकून घराकडे चालू लागायचे. हंगाम तोंडावर आला तेव्हा जावईबापूनेच भीत भीत विचारलं, "काका, शेकोट्या तुम्ही बघाल का?"

काका बघायला लागले. रांगेत कुजबुज झाली. शिंपी तोंडावरच म्हणाला, "खातेकाका, तुम्हाला लाकडं रचवतात कशी?"

"मी नाही रचली तर दुसरा कुणी रचेल. त्याला वारा कळतो का?"

शिंप्याने मान खाली घालून मशीन चालू केली.

सकाळी रुमाल बांधणं तसंच चालू राहिलं. त्या खोलीत आता कुणाला खोकला नव्हता, कुठली खिडकी उघडायची याने काही फरक पडत नव्हता. तरी ते बघत आणि तसंच करत. शनिवारी ते ओंजळीत कोरडी माती घेऊन हळूच सोडत, ती कुठे उडते ते पाहून मगच लाकडं लावत. धूर कुठल्याही खिडकीकडे जाणार नाही अशीच त्यांची शेकोटी असायची. पाहुणे खूश होते. जावईबापू त्यांना पगार वेळेवर द्यायचा आणि देताना त्यांच्याकडे बघायचं टाळायचा.

एका रविवारी सकाळी गजाला रुमाल दिसला नाही. मालकीणबाईंनी बाहेरूनच हाक मारली, मग दार ढकललं. ते उघडंच होतं. काका पलंगावर कुशीवर वळून पडले होते, झोपेतच गेलेले. दोन्ही खिडक्या उघड्या होत्या.

आदल्या संध्याकाळी शेकोटीपाशी तंबूतलं एक जोडपं होतं. कुणी त्यांना विचारलं, काही त्रास होतोय असं म्हणाले का काका? त्यातली बाई म्हणाली, नाही हो, असं काहीच नाही. उठून जाताना माझ्या बाळाकडे बघून थांबले आणि एवढंच म्हणाले, "ताई, लेकराला घेऊन जरा या बाजूला बसा. इकडे धूर येईल आता."