लिनचा आओ झाय

काल अमेरिकेत, अल्फारेटाच्या घरी सून लिनच्या आओ झायला, म्हणजे तिच्या व्हिएतनामी लांब झग्याला, इस्त्री करताना गरम रेशमाचा वास आला आणि तिच्या आणि माझ्या मुलाच्या साखरपुड्याची खरेदी आठवली.

झगा आमच्याकडून द्यायचा होता. लिनला घेऊन एका व्हिएतनामी बाईंच्या दुकानात गेले आणि भाव पाडायला म्हणाले, "ही तर चायनीज कॉलर! व्हिएतनामचं यात काय आहे?"

अशा वेळी सोबतच्या बाईनं आपला हात ओढून "चला, दुसरीकडे बघू" म्हणायचं असतं. लिन मात्र तिच्या इंग्रजीत मलाच म्हणाली, "काकू, कॉलर, बटणं, खालची विजारसुद्धा चीनकडून आली, ओके. पण कमरेपर्यंतचे हे काप आणि अंगालगतची शिवण आमची. तुमच्या साडीवरचा ब्लाउज तरी इंग्रजांकडूनच आला ना?"

दुकानवाली खदखदून हसली. मी संतापून दुकानवालीनं सांगितली ती किंमत दिली.

तो राग अजून आहे. वाद घालायचा तर गाडीत घालायचा, दुकानात नाही. पण लिन का चिडली, ते काल पटलं. इथे भारतीय दुकानात कुणी मला "आप गुजराती हो?" विचारलं, की मीही हातातलं सामान ठेवून आधी त्याला महाराष्ट्र समजावते.